आधी झाडणे, मग भिजवणे

राजाजीनगर, बंगळूर
२१ नोव्हेंबर १९९६

प्रिय मैत्रेयी,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. ४ सप्टेंबरच्या शस्त्रक्रियेला दिलेली संमती ही चूक नव्हती. तुझ्या १० ऑक्टोबरच्या पत्रात तू नेमका उलट पक्ष मांडला आहेस, आणि तोही तीन वाक्यांत: आई घरी, स्वतःच्या अंथरुणावर गेली असती; अण्णांना, म्हणजे मला, वाद जिंकायचा होता; म्हणून तिची छाती उघडली गेली. वाक्ये चांगली आहेत. चौतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, पण इतके आटोपशीर लिहिणारे विद्यार्थी मला फार थोडे मिळाले. उत्तराला सहा आठवडे लागले, कारण माझ्या प्रतिपादनातला एक दुवा मला सापडत नव्हता. तो गेल्या गुरुवारी सापडला. त्यानंतर मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा सुशांतने नवऱ्याचे कर्तव्य म्हणून तू बाहेर गेल्याचे सांगितले. त्यांतल्या दोन वेळा मागून तुझा खोकला मला ऐकू आला.

वस्तुस्थितीपासून सुरुवात करू. या पत्रात तुझ्या आईचा उल्लेख मी प्रमोदिनी असा नावाने करणार आहे. साक्षीदाराला नात्याने हाक मारू नये. संक्रांतीच्या आठवड्यात फडताळावरचा तिळाचा डबा काढताना तिच्या डाव्या खवाट्याखाली कळ आली. फेब्रुवारीत कोरडा खोकला सुरू झाला. मार्चमध्ये गच्चीचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसू लागली आणि शेजारच्या कस्तुराबाईंनी विचारले की ‘स्वल्प रेस्ट’ म्हणून हसत असे. फोटोत डाव्या छातीत पाणी दिसले. ते सुईने काढले, पुन्हा भरले, पुन्हा काढले. छातीत पाणी म्हणजे क्षय, हे आपल्याकडे बहुतेक वेळा खरे ठरते, म्हणून तिला चार महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बहुतेक वेळा खरे असणाऱ्या विधानावर त्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. दरम्यान पाणी तिसऱ्यांदा भरले आणि या वेळी ते लालसर होते.

जुलैत स्कॅन झाला. तो वाचणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, की पेशंटने कधी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केले आहे का. मी म्हणालो, नाही. हिने जन्मात कारखान्याचे दार पाहिलेले नाही. टेबलावर पडल्यापडल्या प्रमोदिनी म्हणाली, “अहो, आणि कपडे धुतले असले तर?” मी तिला सांगितले, की डॉक्टरांनी कामाबद्दल विचारले आहे, धुण्याबद्दल नाही. “सरी, सरी, बरोबर,” ती म्हणाली, “बायकांनी केलं की ते काम नसतं.” डॉक्टर हसले आणि कागदावर ‘नाही’ असे लिहिले. विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर अचूक होते. ते मी अजूनही मागे घेत नाही. फक्त ते येथे नोंदवून ठेवतो.

छातीतला तुकडा काढून तपासल्यावर १० ऑगस्टला नाव कळले. मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या अस्तराचा कर्करोग. सर्जन रघुपतींनी मला समोर बसवून कन्नडमध्ये समजावले, आणि त्यांची मांडणी इतकी स्वच्छ होती की क्षणभर विषय कोणता आहे याचा मला विसर पडला. फुप्फुसाभोवती आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूने एक अस्तर असते, ओल्या रेशमासारखे पातळ, ज्यामुळे श्वास घेताना काहीही घासत नाही. प्रमोदिनीचे डावे अस्तर मोसंबीच्या सालीएवढे जाड झाले होते. काढून बशीत ठेवता येईल अशी ही गाठ नव्हती; सगळीकडे पसरलेला थर होता. त्याला दोन उपाय. थर सोलून काढायचा आणि फुप्फुस राखायचे. किंवा फुप्फुस त्यात पुरते अडकले असेल तर तेही अस्तरासकट काढायचे, श्वासपटलाचा आणि हृदयाच्या आवरणाचा भाग काढायचा आणि तेथे ठिगळ लावायचे. दोहोंपैकी काय करावे लागेल हे छाती उघडल्यावरच कळते. असे रुग्ण त्यांनी उभ्या आयुष्यात अकरा पाहिले होते. त्यांपैकी सात जणांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. प्रमोदिनीच्या बाबतीत ती थोडी शिल्लक होती. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या दहांतला एक घरी परतत नाही, असा त्यांचा अंदाज होता. काहीच न केल्यास पुढची संक्रांत त्यांनी धरली नव्हती.

प्रमोदिनीने नकार दिला. तुझा समज असा आहे, की मी तिच्या नकाराला तर्काने चिरडले. मी प्रयत्न केला हे खरे आहे. अठरा दिवस रोज चहाच्या वेळी मी कागद घेऊन बसत असे. त्यावर दोन मुद्दे होते. पहिला, निश्चित हानीपेक्षा संभाव्य हानी पत्करणे शहाणपणाचे. दुसरा, उपाय उपलब्ध असताना तो नाकारणे म्हणजे रोगाला संमती देणे. ती चहा ओतून देई आणि म्हणे, “या कागदावर मी कुठे बसले आहे, ते दाखवा आधी.” एकदा म्हणाली, “कापून घेऊन मिळणार काय, एक वर्ष? ते तुम्ही असेच कागद दाखवण्यात घालवणार.” मी मुद्दे पुन्हा वाचून दाखवले. ती कस्तुराबाईंकडे निघून गेली.

२९ ऑगस्टला, गुरुवारी, मी बँकेतून परत आलो तेव्हा ती घेवडा निवडत बसली होती. मी चप्पल काढण्याआधीच म्हणाली, “सांगा तुमच्या रघुपतींना. करून टाकू.” मी विचारले, कोणता मुद्दा पटला? ती म्हणाली, “तिसरा.” मी म्हणालो, मुद्दे दोनच आहेत. “सरी, मग दुसरा,” असे म्हणून ती घेवडा घेऊन आत गेली. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मला आनंद झाला होता. आपला युक्तिवाद पोचला, असा निखळ शिक्षकी आनंद. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढचे अकरा आठवडे तो माझ्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी रघुपतींनी पुन्हा इतिहास विचारला, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. घरात कोणी? असे त्यांनी विचारले. माझ्याआधी तीच बोलली. माझे मैदुन, ती म्हणाली. दत्ता भावोजी.

तुझ्या दत्ताकाकाबद्दल येथे थोडे लिहावे लागेल, कारण तुला त्याची विनोदी बाजूच आठवत असणार. दत्ता १९६१ साली निपाणीहून आपल्याकडे आला आणि होसकोटेच्या रस्त्यावरच्या छपराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे करणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. नऊ वर्षे तो आपल्या घरी राहिला. संध्याकाळी कंपनीची लॉरी त्याला नाक्यावर सोडी, तेव्हा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे. पहिल्या महिन्यात त्याचे कपडे थेट मोरीत भिजवले गेले आणि मोरीचे तोंड बंद झाले. गवंड्याने आत छिन्नी घातली तेव्हा मूठभर दगड बाहेर आला. ती भुकटी पाण्यात बसली की सिमेंटसारखी घट्ट होते, हे मला तेव्हा कळले. मी त्यावर विचार केला आणि नियम तयार केला. तो मी स्वच्छ अक्षरात लिहून मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला होता. कपडे मागच्या दारीच उतरवावेत. आधी झाडावेत, मग भिजवावेत. डगल्याच्या शिवणीत भुकटी राहते, म्हणून झाडताना दोघांनी दोन टोके धरावीत, आणि वीस झटके द्यावेत. मोरी पुन्हा कधीही तुंबली नाही. त्या नियमाचे मला इतके समाधान होते, की पुढे अनेक वर्षे वर्गात कार्यकारणभाव शिकवताना मी मोरीचे उदाहरण देत असे.

दत्ता १९८३ साली निपाणीला धाप लागून गेला. तो विड्या ओढत असे. आम्ही सर्वांनी विड्यांना दोष दिला आणि तेथेच थांबलो.

रघुपतींनी हे सगळे ऐकून पेन खाली ठेवले; ही धूळ छातीत गेली की तीस वर्षांनीही हा रोग होतो, असे ते म्हणाले. त्यांनी विचारले, झाडताना धूळ दिसत असे का. प्रमोदिनी म्हणाली, “दिसायची म्हणजे? माझी अबोली पांढरी व्हायची.” मग त्यांनी विचारले, तुम्ही एकट्याच झाडत होता का? ती म्हणाली, “एकटीच.” मी तोंड उघडले. तिने टेबलाखाली माझे मनगट धरले. छत्तीस किलो वजन उरलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल अशी मला कल्पना नव्हती. आयुष्यभर ज्याने विद्यार्थ्यांना गृहीतक लपवू नका म्हणून बजावले, त्याच्यासमोर एक लपवले गेले आणि त्याने ते चालवून घेतले. मला वाटले, तिला एवढ्या दूरच्या शक्यतेबद्दल कोणी बोललेलेही नको आहे. नाव घेतले की गोष्ट खरी होते, अशी तिची समजूत होती. मी तिची थट्टा करत आलो होतो. त्या दिवशी केली नाही.

निघताना तिने रघुपतींना आणखी एक प्रश्न विचारला. हेच दुखणे एखाद्याला लहान वयात झाले, चाळिशीत म्हणा, आणि आधीच लक्षात आले, तर साल सोपी निघते का? रघुपती म्हणाले, अम्मा, लवकर सापडले तर आमच्या हाताला जागा मिळते. फुप्फुस राखता येते. ती म्हणाली, “म्हणजे तुमचा हात माझ्यावर बसू दे आधी नीट.” मी तिला गाडीत बोललो, की सर्जनचा वेळ असल्या काल्पनिक प्रश्नांत घालवू नये. तिने खिडकीबाहेर पाहत ‘हूं’ केले.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे नऊ दिवस तू पाहिले आहेस. ती सात तास चालली, फुप्फुस राखता आले नाही, चौथ्या दिवशी ती पॅसेजमध्ये दोन फेऱ्या चालली आणि मला म्हणाली, “आता वाद घालायला माझ्याकडे अर्धाच श्वास आहे, तेव्हा तुम्हीही निम्मंच बोला.” तू हसलीस. नवव्या दिवशी सकाळी रक्ताची एक गुठळी उरलेल्या फुप्फुसात गेली. रघुपतींनी दहांतला एक म्हटले होते. तो एक म्हणजे कोण, हे आधी कळण्याचा मार्ग नसतो. आणि निर्णयाची योग्यता त्या क्षणी हाती असलेल्या ज्ञानावरून ठरते, परिणामावरून ठरत नाही. एवढ्यावर माझे प्रतिपादन पुरे व्हायला हवे होते. ते होत नव्हते. अठरा दिवस न पटलेला मुद्दा एकोणिसाव्या दिवशी, घेवडा निवडताना, कसा पटला? तुझा आरोप याच फटीतून आत शिरतो. तू म्हणशील, ती दमली आणि शरण गेली.

आणखी एक गोष्ट तेराव्याच्या दिवशी मी पाहिली होती आणि तिचे काहीही केले नव्हते. पाण्याची कळशी उचलताना तू डावा हात वापरत नव्हतीस. वरच्या फळीवरची ताटे तू पवित्राला काढायला सांगितलीस, आणि ती कस्तुराबाईंची सून तुझ्याहून वीतभर बुटकी आहे.

गेल्या गुरुवारी मी प्रमोदिनीचे कपाट आवरायला घेतले. ब्लाउजपिसांच्या डब्यात, तळाशी, तुझे एक पाकीट होते. पुण्याचा शिक्का २४ ऑगस्टचा, आपल्या पोस्टाचा २९ ऑगस्टचा. दुसऱ्याचे पत्र वाचायचे नाही, हा या घरातला आणखी एक नियम माझाच. तो मी मोडला. तू तिला लिहिले होतेस, की पाच-सहा आठवडे डाव्या खवाट्याखाली दुखते, हात वर केला की जास्त, आणि कोरडा खोकला जात नाही. बहुधा पंख्याचा वारा बाधला असेल. सुशांतला बोललेली नाहीस. आणि अण्णांना मुळीच सांगू नकोस, ते त्याचा तक्ता करतील. पाकिटाच्या मागच्या बाजूला प्रमोदिनीने पेन्सिलीने यादी केली होती, ती नेहमी करते तशी. गूळ. दिव्याच्या वाती. कस्तुराक्कांचा डबा परत. आणि खाली: ‘ऑपरेशन होऊन उठले की मैत्रेयीला बोलावणे. रघुपतींना दाखवणे. मला बरी झालेली बघितली की ती घाबरणार नाही.’

हा तिसरा मुद्दा. माझ्या कागदावर तो नव्हता, कारण मला तो ठाऊक नव्हता. ज्या दुपारी हे पाकीट आले त्याच दुपारी तिने होकार दिला. तिने माझा एकही युक्तिवाद मान्य केला नाही. तिला त्या टेबलावरून उठून तुला दाखवायचे होते, की यातून माणूस उठतो. तेव्हा संमती चूक नव्हती, हे मी सिद्ध केले आहे असे मला वाटते; फक्त ती संमती माझी नव्हती, आणि वाद मी जिंकला नव्हता. तुझ्या तीन वाक्यांपैकी दुसरे तू दुरुस्त करावेस.

आता पत्राचे कारण. एका लक्षणावरून काहीही सिद्ध होत नाही. दोन लक्षणांवरूनही नाही. खवाट्याखालची कळ शंभर कारणांनी येते आणि तुझी त्यांतल्याच एखाद्या साध्या कारणाने आलेली असेल, याची शक्यता बरीच आहे. पण मैत्रेयी, जो डगला झाडला जात असे त्याला दोन टोके होती. एक प्रमोदिनीच्या हातात असे. दुसरे धरायला घरात कोणी मोठे मोकळे नसे, आणि वीस झटके मोजण्याएवढे आकडे तुला येत होते. तू आठ वर्षांची होतीस. दत्ता पायरीवर बसून विडी ओढत ओरडत असे, “वहिनी, तुमची पोर म्हातारी झाली बघा!” आणि तू पांढऱ्या झालेल्या वेण्या उडवत विसाच्या पुढे मोजत राहायचीस, तो आणखी हसावा म्हणून. तू सतरा वर्षांची होईपर्यंत हे चालले. सोमवारी मी रघुपतींना भेटलो आणि तिने जे लपवले होते ते सांगितले. ते म्हणाले, कोणत्याही दिवशी या. पुण्यात फोटो काढायचा असेल तर तोही काढ, परंतु उद्याच काढ. आणि डॉक्टरांनी काय काम केले असे विचारले, तर माझ्यासारखे कोणालाही मध्ये बोलू देऊ नकोस. म्हण, की आठव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ असलेले कपडे रोज झाडत होते. हेच शब्द वापर. सुशांतला हे पत्र दाखव. माझ्याशी बोलायचे नसेल तर बोलू नकोस. गाडीची वेळ तेवढी कळव, मी स्टेशनवर येऊन तुझी पेटी उचलेन आणि निम्मेदेखील बोलणार नाही.

आणि या प्रकरणात एक चूक झालेली आहे, ती ४ सप्टेंबरची नाही, हे दाखवल्यावर ती कोणती हे सांगणे मला भाग आहे. आधी भिजवायला हवे होते. मोरी तुंबली असती, आणि तुंबलेली मोरी फोडता आली असती. आधी झाडणे, मग भिजवणे, हा क्रम १९६१ साली मी ठरवला, मी लिहिला, मी दारावर लावला, आणि दुसरे टोक तुझ्या हातात मी दिले. मला ठाऊक नव्हते, हे खरे आहे. ते मी बचाव म्हणून मांडत नाही. ही चूक माझी आहे, आणि ती मान्य करून खाली सही करतो.

तुझाच,
अण्णा
(विद्याधर गणेश हुक्केरीकर)